लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना नेमकं काय बघायचं? (सातारा, माघातलं लग्न)

माघातली_नवरी | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लग्न साताऱ्यात, माघात. मुहूर्त दुपारी १२:३४. आदल्या संध्याकाळी हळद आणि सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी लग्न आणि त्याच कार्यालयात स्वागत समारंभ. दोन्हीकडची मिळून चारशे माणसं. कार्यालय, गुरुजी, आचारी सगळं मार्गी लागलं, घोडं अडलंय फोटोपाशी.

आईचं म्हणणं, आमच्या गल्लीतले स्टुडिओवाले काकाच हवेत. माझं बारसं, दादाची मुंज, मावशीचं लग्न, सगळं त्यांनीच टिपलंय. दोन्ही दिवस, व्हिडिओ आणि अल्बमसकट चाळीस हजार. दादाचं म्हणणं, पुण्याची कॅंडिडवाली (पोझ न देता, नकळत फोटो टिपणारी) टीम बोलवू. त्यांचं इन्स्टा पाहिलं की डोळे दिपतात. कोटेशन १,३५,०००, राहणं-खाणं आपल्याकडे. मी दोघांच्या मध्ये अंतरपाटासारखी ताणून धरलेली आहे.

बजेट ताणून नव्वद हजारांपर्यंत नेता येईल. प्रीवेडिंग करायचं नाही, त्यावर आमचं दोघांचं एकमत आहे (एवढ्या एकाच गोष्टीवर आहे). पण फोटोग्राफर निवडताना बघायचं काय, विचारायचं काय?

रिकामटेकडा_७७ | १२ ऑक्टोबर, रात्री ११:०५

आमच्या आजी-आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो आहे, तोही लग्नानंतर पंधरा दिवसांनी स्टुडिओत जाऊन काढलेला. आजी खुर्चीत, आजोबा मागे उभे, दोघांच्याही चेहऱ्यावर कोर्टाचा निकाल ऐकतोय असा भाव. ५४ वर्षं संसार झाला. सव्वा लाखात काय काय येतं ते सांगत बसत नाही. हलकं घ्या.

विहीणबाई | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

रिकामटेकडे, तुमच्या आजीला विचारा बरं, दुसरा फोटो असता तर नको म्हणाल्या असत्या का!

नवरी, मागच्या वर्षी लेकीचं लग्न केलं, त्यातलं एक सांगते. फोटोग्राफर एकच होता, माणूस चांगला, कामही चांगलं. पण आमची मुलगी आतल्या खोलीत गौरीहरापाशी अन्नपूर्णेवर अक्षता वाहत बसली होती, आणि त्याच वेळी दारात नवरदेव आला. तिकडे बॅंड, फेटे, ओवाळणं. साहजिकच कॅमेरा तिकडे धावला. ती अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून अर्धा तास एकटी बसली होती. मामा तिला न्यायला आला तेव्हा तिने डोळे पुसले. हे मी पाहिलं आणि तिच्या मावशीने पाहिलं. फोटो नाही.

म्हणून म्हणते, किती फोटो देणार हे मागाहून विचार. आधी विचार, एकाच वेळी दोन ठिकाणी किती जण उभे राहणार. आपल्या लग्नात पुष्कळ गोष्टी एकाच वेळी चालतात.

शेंगदाणा_कूट | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

विहीणबाईंना +१००. आमच्याकडे सूनमुखाचंही असंच झालं. सासूबाईंनी आरसा धरला, बघितलं, साडी दिली, झालं. दीड मिनिट. फोटोग्राफर जेवत होता.

कराडचा_कॅमेरा | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

ताई, एकोणीस वर्षं हेच काम करतोय, पहिली पाच वर्षं रोलवर. तुमच्याकडनं काम मिळावं म्हणून लिहीत नाही, तुमच्या तारखेला माझी बुकिंग आधीच झालेली आहे.

इन्स्टावर दिसतं ती लोणच्याची फोड, जेवण नव्हे. वर्षाला तीस लग्नं करणारा माणूस त्यातले शंभर फोटो निवडून टाकतो. म्हणजे एका लग्नाचे तीन-चार. बाकीचे सहाशे कसे आहेत ते तुम्हाला कळायला पाहिजे. म्हणून एकाच लग्नाची पूर्ण गॅलरी मागा, हळदीपासनं पाठवणीपर्यंत. आणि ते लग्न तुमच्यासारख्याच कार्यालयातलं असू दे. समुद्राकाठी संध्याकाळी पाचला कुणीही चांगला फोटो काढतो, उजेडच काढून देतो. तुमचा मुहूर्त १२:३४. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत हॉल अंधारा, स्टेजवर निळे-जांभळे एलईडी गरागरा फिरतायत, छत पत्र्याचं नाहीतर गडद रंगाचं, त्यामुळं फ्लॅश वर मारून परतवायला जागा नाही. तिथं माणसाचा रंग माणसासारखा आला पाहिजे. (डेकोरेशनवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, अक्षता पडेस्तोवर रंगीत दिवे बंद आणि पांढरे चालू. याला पैसे लागत नाहीत आणि फोटो अर्धे तिथंच सुधारतात.)

दुसरं, नमुन्याच्या फोटोत चुडा बघा. हल्ली सगळ्या फोटोंना तपकिरी झाक मारायची फॅशन आलीय, त्यात हिरवा रंग मरतो. चुडा शेवाळी दिसला, आंब्याची पानं वाळल्यासारखी दिसली, कुंकू विटकरी झालं, तर समजायचं की फोटो घेतल्यावर त्याच्यावर रंगाचा हात फिरलाय. तुम्हाला तेच आवडत असेल तर माझी हरकत नाही. पण बारा वर्षांनी फॅशन बदलते, अल्बम बदलत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. विचारा, "माझ्या लग्नाला तुम्ही स्वतः येणार का?" तुळशीची लग्नं झाली की सगळा महाराष्ट्र त्याच त्याच तारखांना लग्न करतो. आषाढी ते कार्तिकी आम्ही बसून, पौषात पुन्हा बसून, आणि चांगल्या तारखेला एका स्टुडिओकडं चार लग्नं. नाव एकाचं, काम करतो दुसराच कोणीतरी, दिवसाच्या रोजावर आणलेला. तो वाईट असतो असं नाही, पण तुम्ही पसंत केलेले फोटो त्यानं काढलेले नसतात. जो येणार त्याचं काम बघा आणि त्याचं नाव कागदावर घ्या.

तुमच्या गल्लीतल्या काकांबद्दल एक शब्द. अशा माणसाला कुठल्या विधीनंतर काय येतं ते डोळे झाकून माहीत असतं. कानपिळीला नवरीचा भाऊ कुठल्या बाजूनं येणार, लाजाहोमाला लाह्या कोण देणार, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पुण्याच्या पोरांना कधीकधी सांगावं लागतं. दोन्हीचा मेळ घाला की.

माघातली_नवरी | १३ ऑक्टोबर, रात्री ९:५५

बाप रे, चुड्याचं कधी लक्षातच आलं नव्हतं. आत्ता त्या पुण्याच्या पेजवर जाऊन पाहिलं. सगळे चुडे शेवाळी! दादाला दाखवलं, तो म्हणे "टोन आहे तो."

पूर्ण गॅलरी मागितली आहे.

वऱ्हाडी_ठेचा | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

काय सांगू राजेहो, आमच्या घरचा किस्सा ऐका. नागपूरले भावाचं लग्न. हळदीचे सगळे फोटो एका कार्डावर. रात्री कॅमेऱ्याने कार्डच ओळखलं नाही. तो फोटोवाला पोरगा घाबरून फॉरमॅट करून राहिला होता बाप्पा! माझा मावसभाऊ कॉम्प्युटरवाला, त्याने हातातून कार्ड ओढलं. त्याच्यावर पुढे काहीच काढू दिलं नाही, दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर लावून सातशेपैकी पाचशेच्या वर फोटो परत आणले. बाकीचे अर्धे करडे पट्टे. आजोबा हळद लावतानाचा नेमका पट्ट्यात गेला.

तेव्हा विचाराच, कॅमेरा दोन कार्डांवर एकाच वेळी लिहितो का, आणि रात्री घरी जायच्या आधी डेटा कुठे उतरवता. "काळजी करू नका, आजवर काही झालं नाही" हे उत्तर आलं तर काळजी करा.

याज्ञिकी | १४ ऑक्टोबर, सायं. ६:४०

मी पौरोहित्य करतो. धाग्याचा विषय माझा नाही, पण चौरंगाच्या पलीकडून जे दिसतं ते सांगतो.

गेल्या वैशाखात एका लग्नात मंगळसूत्र तीनदा घालायला लावलं. पहिल्यांदा कुणाचा तरी हात आडवा आला, दुसऱ्यांदा "नवरदेव, जरा इकडे बघून हसा". मंत्र एकदाच म्हटला होता. तिसऱ्या वेळी नवऱ्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी पंचपात्राकडे पाहिलं. फोटो बहुधा सुरेख आला असेल.

दोष एकट्या फोटोग्राफरचा नाही. त्याला पुढचं माहीत नसतं आणि आम्हीही सांगत नाही. म्हणून मी आता यजमानांना सांगतो, आदल्या दिवशी दहा मिनिटं त्यांची आणि माझी गाठ घालून द्या. होमाला वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात, म्हणजे समोरची बाजू मोकळी हवी. तिथेच नेमका फुलांचा खांब नाहीतर मोठा फॅन आणून ठेवतात. कन्यादानाला चेहऱ्यांपेक्षा हातांकडे बघा, वधूची आई पाण्याची धार धरते तो क्षण लहान असतो. सप्तपदीच्या तांदळाच्या राशी सात आहेत, पण सगळं मिळून दोन मिनिटांत आटोपतं. हे आधी कळलं की चांगला माणूस योग्य जागी आधीच बसून राहतो, मग कुणाला काही पुन्हा करावं लागत नाही.

आणि अंतरपाट. वधूवरांनी एकमेकांना दिसू नये म्हणून तो धरायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना चार कॅमेरे, दोन लाइट आणि एक ड्रोनवाला उभा राहिला की चारशे पाहुण्यांना दिसतात त्या फक्त पाठी. अक्षता कुणाच्या डोक्यावर पडतात हे मी बोलत नाही.

शेंगदाणा_कूट | १४ ऑक्टोबर, सायं. ७:०२

गुरुजी 😂 दंडवत.

रिकामटेकडा_७७ | १४ ऑक्टोबर, सायं. ७:३०

माझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे, १९९८ चा, व्हीएचएस. तदेव लग्नं म्हणतात त्या क्षणी पडद्यावर हृदयाचा आकार येऊन त्यातून आम्ही दोघं फिरत बाहेर पडतो. मग कोकणातल्या दमट कपाटात कॅसेटला बुरशी आली. बायको म्हणते बरं झालं. (पण परवा तिनेच विचारलं की डिजिटल करून मिळेल का. कुणाला माहिती असेल तर सांगा.)

एडिटिंग_टेबल | १५ ऑक्टोबर, रात्री १२:२०

रिकामटेकडे, मिळेल. बुरशी असलेली कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू मात्र नका. फीतही जाते आणि व्हीसीआरचं डोकंही. साफ करून देणारे लोक आहेत, मोठ्या शहरात शोधा.

नवरी, मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. माझ्याकडे आलेल्या दहा लग्नांतल्या नऊंमध्ये आवाज नसतो. म्हणजे असतो, पण बॅंडचा आणि "ए बाळू, खुर्च्या आण"चा. मग त्यावर गाणं टाकावं लागतं. ते टाकून यूट्यूबवर चढवलं की हक्कवाले येतात आणि आवाजच बंद होतो. गुरुजींच्या उपरण्याला एक छोटा कॉलर माइक लावा, एवढ्यानेच लग्न वेगळं होतं. आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी जो माइक आहे त्यातून थेट रेकॉर्डिंग घ्यायला सांगा. घरातलं कुणी स्वतः रचलेलं म्हणणार असेल तर नक्कीच.

डेटाबद्दल ठेचाभाऊंनी सांगितलंच. आकडा देतो. चांगला कॅमेरा फोर-के चित्रण करतो तेव्हा साधारण १०० एमबीपीएस म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की ५४० जीबी. वर तीन हजार रॉ (कॅमेऱ्यातून थेट आलेले, प्रक्रिया न केलेले) फोटो, एकेक २५ एमबीचा, म्हणजे आणखी ७५. तेव्हा "पेनड्राइव्हमध्ये देतो" म्हणणारा तुम्हाला सगळं देत नाहीये. एक टीबीच्या दोन डिस्क स्वतः घेऊन द्या, एक तुमच्या घरी, एक माहेरी.

माघातली_नवरी | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

माझ्या आजीने मंगलाष्टक रचलंय! आठ कडवी. शार्दूलविक्रीडितात आहे म्हणते, आम्ही मोजायला गेलो नाही. माइकचं लिहून ठेवलं.

सॅनहोजेकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

दोन गोष्टी पटकन. एक, अल्बम यायला चार-सहा महिने लागतात, पण विवाह नोंदणीला लग्नाचा फोटो आणि पत्रिका लागते. परदेशात जायचं असेल तर व्हिसाच्या मुलाखतीला लोक लग्नाचे फोटो नेतात. तेव्हा दहा-पंधरा फोटो चार दिवसांत द्यायचे, हे आधीच ठरवा. माझ्या बायकोने व्हिसासाठी मामेभावाच्या मोबाइलमधले फोटो नेले होते, त्यातल्या दोनात मी शिंकतोय.

दुसरं, लाइव्ह दाखवणार असाल तर कार्यालयाच्या वायफायवर विसंबू नका. आम्ही इकडे रात्री साडेअकराला सगळे टीव्हीसमोर बसलो आणि नेमकं अंतरपाट दूर होताना चित्र गोठलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा जिलबी वाढत होते.

कलम_सतरा | १५ ऑक्टोबर, दुपारी १:१०

वकील आहे, पण हा सल्ला फुकट.

लोकांना वाटतं फोटो ज्याने काढले त्याचे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७(ख) वाचा: पैसे देऊन तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही, वेगळा करार नसेल तर. गोम त्या शेवटच्या चार शब्दांत आहे. बऱ्याच स्टुडिओंच्या छापील कागदावर खाली बारीक अक्षरात उलटं लिहिलेलं असतं आणि आपण ते न वाचता सही करतो. तुमचे फोटो त्यांच्या पेजवर गेलेले चालणार आहेत की नाही, हे तिथेच लिहून घ्या. सासूबाईंना चालेल का, तेही विचारा.

करार म्हणजे स्टॅम्पपेपर नव्हे, व्हॉट्सॲपवर एकदा सगळं नीट लिहून समोरच्याने "ओके" म्हटलं तरी पुष्कळ. कोण येणार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, उशीर झाला तर तासाला किती, किती शीटचा अल्बम, कधी देणार, तारीख पुढे गेली तर आगाऊ रकमेचं काय. कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का ते बघा. १८ टक्के म्हणजे १,३५,००० वर २४,३०० होतात, हे शेवटच्या दिवशी कळायला नको. पैसे तीन हप्त्यांत द्या आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर.

आणि तरी फसलात तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही (आमच्या पोटावर पाय). आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा.

ड्रोन घेणार असाल तर: २५० ग्रॅमपर्यंतचा असेल तर उडवणाऱ्याला परवाना लागत नाही, त्याहून जड असेल आणि पैसे घेऊन उडवत असेल तर लागतो. ड्रोन नियम २०२१. विमानतळाच्या आसपास बंधनं कडक असतात, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं कार्यालय कुठल्या रंगात आहे ते पाहून घ्या.

विहीणबाई | १५ ऑक्टोबर, दुपारी २:००

ड्रोन नकोच. आमच्याकडे तो रुखवताच्या टेबलाशेजारी उतरला. दोन दिवस खपून काढलेली रांगोळी, नणंदेच्या जावेने केलेली साखरेची सप्तपदी, सगळं एका वाऱ्यात भिंतीला. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

माघातली_नवरी | २० ऑक्टोबर, रात्री ११:१५

अपडेट.

पुण्याच्या टीमने पूर्ण गॅलरी पाठवली. ६२० फोटो. दादा, आई आणि मी बसून मोजले. नवरीच्या चपलांचे ११, लेहेंगा हॅंगरला टांगलेला ९, अंगठ्यांचे १४, नवरीच्या आईचा १, आजीचा शून्य. वर, तारखेला मूळ माणूस दुसरीकडे आहे, "आमची असोसिएट टीम" येईल. त्या टीमचं काम मागितलं तर दोन दिवस निरोप नाही. दादा काही बोलला नाही, पण पेज अनफॉलो केलं.

मग कराडकरदादांच्या "मेळ घाला" या वाक्यावर घरात बैठक बसली. कोल्हापूरची एक मुलगी मिळाली, एकटी काम करते, स्वतः येणार. तिने न मागता दोन लग्नांच्या पूर्ण गॅलऱ्या पाठवल्या, त्यातलं एक चक्क पत्र्याच्या कार्यालयातलं. चुडा हिरवा! एका फोटोत पंगतीत एक आजोबा द्रोणातली बासुंदी उजेडाकडे धरून बघतायत, त्याच्यावरच आई विरघळली. दोन दिवसांचे ४५ हजार. काकांचे चाळीस. बजेटात बसलं.

अवघड होतं ते काकांना सांगणं. त्यांच्या कामावर दुसरं कुणी म्हणजे कमीपणा. आई स्वतः गेली, सोबत दिवाळीच्या चकल्यांची पहिली बॅच. काका म्हणाले, "पोरगीला माझ्या डाव्या अंगाला उभी राहू दे. उजवीकडनं माझी लाइट येते."

कराडचा_कॅमेरा | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:००

झकास. आता दोन कामं करा. गटफोटोंची यादी तयार करा आणि ती फोटोग्राफरला नाही, एखाद्या मोठ्या आवाजाच्या चुलतभावाला द्या. आम्हाला तुमचे आत्याचे यजमान कोण ते माहीत नसतं. स्वागत समारंभाला दोनशे कुटुंबं स्टेजवर आली, प्रत्येकाला वीस सेकंद धरली तरी एक तास सात मिनिटं नुसती उभी राहाल. घरच्यांचे फोटो त्याच्या आधीच उरकून घ्या.

दुसरं, त्या दोघांना दुसऱ्या पंगतीत बसवा. शेवटी बसवलं तर विहिणींच्या पंगतीला, उखाण्यांना आम्ही हात धुवत असतो.

आणि एक विनंती. लग्नानंतर अल्बमसाठी फोटो निवडून द्यायला उशीर करू नका. १२ बाय ३६ च्या तीस शीट म्हणजे सव्वाशे-दीडशे फोटो, एवढेच निवडायचे असतात. माझ्याकडं एक जोडी आहे, लग्न झालं, मुलगा झाला, त्याचं बारसं मीच केलं, लग्नाची निवड अजून यायची आहे. वर लोकांत सांगतात, फोटोवाल्यानं अल्बम दिला नाही.

माघातली_नवरी | २१ ऑक्टोबर, रात्री ८:१०

छे, मी आठवड्यात देईन. एक्सेल करणार आहे.

माघातली_नवरी | २८ फेब्रुवारी, दुपारी ४:००

झालं बरं का लग्न! धाग्याचं ऋण म्हणून थोडक्यात लिहिते.

गौरीहरापाशी कोल्हापूरची मुलगी माझ्यासोबत होती, काका दारात नवरदेवापाशी. खोलीत एकच ट्यूबलाइट. तिने ती बंद केली, खिडकी उघडली आणि मला फक्त चौरंग हातभर सरकवायला सांगितलं. अर्ध्या तासात ती एक शब्द बोलली नाही. मामा आला तेव्हा माझ्याआधी तोच रडला, तो फोटो आहे.

रंगीत दिवे बंद ठेवायला डेकोरेशनवाला तयार नव्हता ("मॅडम, पॅकेजमध्ये आहेत"). काकांनी जाऊन थेट मेन स्विचच पाडला. पाच मिनिटं पंखेही बंद. पण अक्षता पांढऱ्या उजेडात पडल्या.

गुरुजींची गाठ आदल्या दिवशी घातली होती. मंगळसूत्र एकदाच घातलं. फोटोत नवऱ्याचं तोंड माझ्या केसांत दडलंय, असू दे.

आजी माइकवर पाचव्या कडव्याला अडली. पुढची ओळ आठवेना. चारशे माणसं शांत. मग खालून मावशीने पहिले दोन शब्द दिले, आजी म्हणाली "हां, थांब, येतंय," आणि पुढचं म्हटलं. एडिटिंग_टेबल, तुमच्या सांगण्यावरून थेट रेकॉर्डिंग घेतलं होतं. काका ते "हां, थांब, येतंय" कापायचं म्हणत होते, आम्ही हात जोडले.

चुकलं तेही सांगते. सीमांतपूजनाला मुलगी घाटातल्या ट्रॅफिकमुळे पाऊण तास उशिरा पोचली, विहिणीचे पाय धुतानाचे फोटो काकांचेच आहेत, फ्लॅश थोबाडावर. आणि चुलतभावाचा आवाज आदल्या रात्रीच बसला, त्यामुळे यादी खिशातच राहिली. आत्याचा आमच्यासोबत एकही फोटो नाही. आत्याला अजून कळलेलं नाही.

एडिटिंग_टेबल | २८ फेब्रुवारी, सायं. ५:२५

"हां, थांब, येतंय" अजिबात कापू नका. कुणी कापलं तर फुटेज माझ्याकडे पाठवा.

विहीणबाई | २८ फेब्रुवारी, सायं. ६:१०

सुखी राहा गं. मामाचा फोटो एकदा दाखव जमलं तर.

रिकामटेकडा_७७ | १ मार्च, सकाळी ८:००

अभिनंदन. कॅसेट साफ करायला दिली. हृदयासकट परत मिळणार आहे असं कळलं.

कराडचा_कॅमेरा | ९ जून, सकाळी १०:३०

ताई, धागा वर काढतो, माफ करा. कोल्हापूरच्या पोरीची परवा एका कार्यक्रमात गाठ पडली. निवड पाठवलीत का?

माघातली_नवरी | ९ जून, रात्री ११:५०

४१२ वर आणलेत. आत्याचा एकही नाही म्हणून तिच्या मुलीचे तरी चार टाकायचेत, तिथे अडलंय.

कराडचा_कॅमेरा | १० जून, सकाळी ७:०५

बारशाचं बुकिंग काकांकडं की माझ्याकडं?